तेलाचा थर मोजता येतो, मग लेकरांना मोजू द्या



घर्षणाच्या धड्यात आपण एक वाक्य लिहून देतो: वंगणामुळे घर्षण कमी होते. सायकलची चेन, शिलाई मशीन, दाराची बिजागरी अशी उदाहरणं झाली की पुढचा मुद्दा. माझं मत असं की खरा धडा तिथूनच सुरू व्हायला पाहिजे. वंगण किती लागतं, हे आपण विचारतच नाही.

संगणकातल्या हार्ड डिस्कचं बघा. आतली चकती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि माहिती वाचणारं टोक तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. चकतीवर वंगणाचा थर असतो साधारण 1 नॅनोमीटर. म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! थर जास्त झाला तर टोक चिकटतं, कमी पडला तर चकती खरवडते. शिलाई मशीनसारखं 'सोड अजून दोन थेंब' इथे चालत नाही. शिवाय एवढ्या पातळ थरात द्रव द्रवासारखा वागेलच असं नाही. अभ्रकाच्या दोन गुळगुळीत पापुद्र्यांमध्ये द्रव दाबत नेला आणि काही रेणूंइतकीच जागा उरली, की त्याचे रेणू थरावर थर रचल्यासारखे बसतात. काही द्रव तर घन पदार्थासारखे अडून राहतात.

हा थर मोजतात कसा? चकतीवर तिरपा प्रकाश पाडतात. परावर्तित होताना त्याच्या ध्रुवणात फरक पडतो, त्या फरकावरून जाडी काढतात. ते उपकरण आपल्या शाळेत येणार नाही, हे खरं. पण एवढी जाडी मोजायला उपकरणच लागतं असं कुठंय?

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल टाकलं. ते पसरत पसरत अर्धा एकर पाणी शांत झालं. हा प्रयोग 1774 मध्ये छापून आला. अर्धा एकर म्हणजे आपले 20 गुंठे, सुमारे 2000 चौरस मीटर. चमचा 4 मिलिलिटरचा धरा आणि भागाकार करा: 2 नॅनोमीटर. फ्रँकलिननी हा भागाकार केला नाही. तेलाच्या थराची जाडी लॉर्ड रॅले यांनी 1890 मध्ये काढली. पुढच्याच वर्षी 'नेचर'मध्ये आग्नेस पॉकेल्स यांचं पत्र आलं. जर्मनीत मुलींना तेव्हा विद्यापीठ बंद होतं. या बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या पत्र्याच्या ट्रेवर असे थर अभ्यासले होते. मुलींच्या पालकांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

आता उदगीरात काय करायचं? मोठी परात, पाणी, वर टाल्कम पावडरची हलकी भुरभुर. बारीक तारेच्या टोकावर करडईच्या तेलाचा थेंब घ्या आणि भिंगातून मोजपट्टीवर बघा, अर्ध्या मिलिमीटरचा पाहिजे. पाण्याला टेकवला की पावडर झटकन मागे सरते आणि गोल उघडा पडतो. त्याचा व्यास 20 सेंटिमीटरच्या आसपास आला, तर थेंबाचं घनफळ भागिले गोलाचं क्षेत्रफळ, उत्तर पुन्हा 2 नॅनोमीटरच. लेकरांचं 1 आलं काय, 3 आलं काय, चालतंय. मशीनचं तेल मात्र घेऊ नका, ते असं पसरत नाही. खाद्यतेलाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून बसतं.

काही जण म्हणतील, पोर्शन कधी संपवायचा? लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच, आणि त्या पॅटर्ननं किती घरांतून डॉक्टर घडवले हे मलाही दिसतं. पण नॅनोमीटर म्हणजे 10 चा उणे 9 वा घात हे पाठ असलेल्या मुलाला ती लांबी कधी हाताशी आलेली नसते. दोन तासिका लागतात. गोलाचं घनफळ, घातांक आणि घर्षण तिन्ही त्यातच होतात, त्यामुळे गणिताच्या सरांकडून एक तासिका हक्कानं मागा.

आणि परात साबणानं घासलेली असेल तर नुसत्या पाण्यानं चार वेळा खळबळून घ्या. साबणाचा अंश राहिला की तेल पसरतच नाही.