दत्तक कोणासाठी?
मुलगा, नातू वा पणतू हयात असलेल्या हिंदूस १९५६ च्या दत्तक कायद्यान्वये आणखी मुलगा दत्तक घेता येत नाही. वंशाला दिवा नि इस्टेटीला धनी लाभला, की कायद्याचे काम संपले! बालकाच्या गरजेचा येथे विचारच नाही. समान दत्तक विधेयक १९७२ मध्ये आले, पण कायदा झाला नाही. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी दांपत्यांना दीर्घकाळ १८९० च्या कायद्याखालील पालकत्वावरच समाधान मानावे लागले. पुढे बालन्याय कायद्याने ही कोंडी फोडली. मुलगी असलेल्या हिंदू दांपत्यास त्याखाली दुसरी मुलगी दत्तक घेता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. तरी मूळ कलम कायमच आहे. निराधार बालकास वारसाच्या तराजूत तोलणारे हे सरंजामी कलम संसदेने रद्दच केले पाहिजे.