ठेवायची कुठे?

ज्याच्या घरी एक खोली रिकामी आहे त्यानेच आगगाडीशी खेळावं, असा कायदा जणू कोणीतरी करून ठेवला आहे. मी लालबागच्या चाळीत राहतो. रिकामी खोली सोडा, आमच्याकडे रिकामी खुंटीसुद्धा नाही. तरीही हा कायदा मला मान्य नाही.

छोट्या रेल्वेचे रूळ आखायचं सॉफ्टवेअर मी घरच्या संगणकावर घेतलं. पहिला प्रश्न : जागा किती? मी इमानेइतबारे दहा बाय बारा फूट लिहिली. मग कपाट, ओटा, पिंप, शिलाई मशीन वजा केलं. शिल्लक राहिली ती कॉटखालची, सहा बाय तीन.

बँकेत वीस वर्षं संगणकासमोर काढलेला मी बी.कॉम. गृहस्थ, इथे चार संध्याकाळी सपशेल नापास झालो. सगळे रूळ जोडले आणि शेवटच्या दोन टोकांत आठ मिलिमीटरची फट! म्हटलं, ‘‘अरे, जरा सरकून घे ना!’’ लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो याच मंत्रावर. संगणक ढिम्म. वर पाहतो तो काय, एका बाजूचा तुकडा मीच लांब घेतलेला. एका रुपयाच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत ताळा जुळवणाऱ्या कारकुनाने यावर काय बोलावं?

पण रुळांच्या रुंदीबाबत माघार नाही. इथे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. गुणून पाहा, १,४३५ येतात. तो परदेशी हिशेब झाला. आपली रुंद लाइन १,६७६ची! १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती या रुंद लाइनीवर, आणि आमची करी रोडची लोकल दुसऱ्याच्या रुळांवरून?

आता जागेचं. तंग वळणाची त्रिज्या ३६० मिलिमीटर. तीस अंशांचे बारा तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण. मध्ये दोन्हीकडे पाच-पाच सरळ तुकडे घाला. बावीस तुकड्यांत रेल्वे कॉटखाली! फुकटच्या आवृत्तीत पन्नास तुकडे मिळतात, म्हणजे अठ्ठावीस शिल्लक. अर्थात बारा डब्यांची लोकल नऊ फूट भरेल आणि मोटरमनला चार फुटांवर स्वतःचाच गार्ड दिसेल. म्हणून डबे तीनच.

‘‘अहो, आणि कॉटखालच्या ट्रंका?’’ हिने विचारलं.

सहावीत होतो. गिरगावातल्या एका दुकानाच्या काचेत आगगाडी फिरत होती. बाबांची गिरणी १९८२च्या संपानंतर उघडलीच नव्हती. काचेसमोर बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, ‘‘छान आहे रे. पण ठेवायची कुठे?’’ किंमत त्यांनी विचारलीच नाही. जागेचं नाव पुढे केलं की खिशाचं नाव घ्यावं लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून सांगतो, छंदाला जागा लागते हे वाक्य पोराबाळांना ऐकवू नका. आधी कागदावर आखू द्या. ट्रंका मी माळ्यावर चढवल्या आहेत.

बाबा, कॉटखाली ठेवायची.