उन्हाचा हिशेब

डहाणूच्या चिकूवाडीत भर दुपारी चक्कर मारा. वाडीचा मालक बऱ्याचदा इराणी, फळं उतरवणारा वारली. डोक्यावर सूर्य एकच, वर्ण मात्र दोन. ‘उन्हात रापलाय’ एवढ्यावर आपण विषय संपवतो. पण रापणं एका जन्माचं असतं. मूळ वर्णामागे शेकडो पिढ्यांचा हिशेब आहे.

डहाणू-तलासरी विषुववृत्तापासून जेमतेम २० अंशांवर. इथली अतिनील किरणं शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व नासवू शकतात, आणि ते कमी पडलं की गर्भाच्या मेंदूची, पाठकण्याची घडण बिघडते. त्वचेतलं मेलॅनिन ही त्यावरची छत्री. दूर उत्तरेला अडचण उलटी. मुळात ऊन तुटपुंजं, त्यात छत्री. मग ड जीवनसत्त्व बनायचं कसं? तिथे पिढ्यान्‌पिढ्या छत्री मिटत गेली. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली हा मेळ आकड्यांनिशी मांडला.

माणसं मात्र एका जागी बसत नाहीत. इराणी कुटुंबांना इथे येऊन शे-सव्वाशे वर्षं झाली. त्वचेच्या घड्याळात तेवढा वेळ म्हणजे डोळ्याची पापणी लवणं. बरं, गोरेपणाला हातभार लावणारं एसएलसी२४ए५ या जनुकाचं रूप भारतात आणि युरोपात एकाच मुळातून आलेलं आहे. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ छापणाऱ्यांना हे कोण सांगणार!

इथल्याच गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतली माणसं तर सगळीच पांढरी. तांदळाच्या पिठाची.