अंतर मैलांचे की भरवशाचे?

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे असे दोन चिमुकले विमानतळ आहेत. त्यांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर, प्रवास सुमारे दोन मिनिटांचा! जगातील हे सर्वांत आखूड नियमित उड्डाण १९६७ पासून चालू आहे. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्याही आत. तेथे नफा कोठून व्हावा? परंतु सरकारी द्रव्यसाहाय्यामुळे शिक्षकांची व रुग्णांची ये-जा अखंड चालते.

आपल्याकडे २०१७ साली ‘उडान’ योजनेचे पहिले विमान निघाले. हेतू स्तुत्यच होता; पण साहाय्याची मुदत तीनच वर्षांची. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो, की पहिल्या तीन टप्प्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ नी मुदत पुरी केली आणि मुदतीनंतर ५४ च टिकले.

धावपट्टी बांधली म्हणजे गाव जवळ आले, असे नव्हे. उद्याचे विमान सुटेलच, हा भरवसा नसेल तर तासाभराची वाटही दूरचीच. एस. टी.चा हिशेब आपण केवळ नफ्यावर करीत नाही. मग आडगावच्या विमानाचाच का करावा? परंतु दीर्घ साहाय्य द्यावयाचे, तर ते खऱ्या गरजेच्या मोजक्या मार्गांनाच द्यावे. उद्घाटनांची संख्या वाढविण्यापेक्षा हेच अधिक शहाणपणाचे, असे आमचे स्पष्ट मत आहे.