अस्सल थर कोणता?

इंग्लंडच्या जुन्या गावांत अठराव्या शतकातली वाटणारी विटांची कितीतरी घरं आतून लाकडाची आहेत. ओकचे खांब आणि तुळया, खाचा पाडून, लाकडी खुंट्या ठोकून सांधलेल्या. मधल्या जागेत आपल्या कुडासारख्या काटक्या-चिखलाच्या भिंती. 1666 च्या आगीनंतर लंडनमध्ये नव्या घरांना वीट किंवा दगड सक्तीचा झाला. पुढे गावोगावी विटेची फॅशन आली. ज्यांना घर पाडून नवं बांधणं परवडत नव्हतं, त्यांनी रस्त्याकडच्या बाजूला विटांची पातळ भिंत चढवली. लुईस गावात तर हुबेहूब विटेसारख्या दिसणाऱ्या कौलांवर भागवलं. आतला भार लाकूडच पेलत राहिलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुनी सिस्टीम चालू ठेवून तिच्यावर नवा इंटरफेस चढवणं हे आमचं रोजचं काम, म्हणून या घरमालकांचा हिशेब मला पटतो. माझा आक्षेप आहे तो नंतर येऊन 'अस्सल' शोधणाऱ्यांवर.

स्ट्रॅटफर्डचं शेक्सपिअरचं जन्मघर घ्या. त्याच्या एका भागात सराई होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला विटांचा दर्शनी भाग मिळाला. 1847 मध्ये लोकवर्गणीतून घर विकत घेतलं गेलं. मग 1769 सालचं एक चित्र समोर ठेवून विटा काढल्या आणि लाकडी रूप पुन्हा उभं केलं. आज पर्यटक सोळाव्या शतकाचा म्हणून ज्याचा फोटो काढतात, त्या दर्शनी भागात व्हिक्टोरियन काळाचं बरंच काम आहे. सराईच्या विटा मात्र कायमच्या गेल्या. त्याही त्या घराचा इतिहासच होत्या.

अशा खरवडण्याविरुद्ध विल्यम मॉरिसने 1877 मध्ये संस्था काढली. जुन्या इमारतीवर प्रत्येक काळाने टाकलेली भर जपा, डागडुजी करत राहा, ही तिची भूमिका. मला ती योग्य वाटते. कुठला थर खरा हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या आवडीचं एक साल निवडतो आणि बाकीची शतकं उपरी ठरवतो. आपल्या देशात हा खेळ कुठवर जातो, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून दोस्तहो, मोहल्ल्यातल्या जुन्या मशिदीचं किंवा घराचं काम निघेल तेव्हा आधी माळ्यावर चढा. वासे, सांधे, भिंतीची जाडी पाहा, मापं घ्या, फोटो काढा. मग कमिटीत बोला. एकदा काढलेला थर परत बसवता येत नाही.