इलेक्ट्रॉनिक्सची पुस्तके आणि आपण

कलाशाखेच्या विद्यार्थिनीचा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांचा संबंध काय, असा प्रश्न हे शीर्षक वाचताच पुष्कळांच्या मनात येईल. आमच्या वर्गातही तो आला. "वार्षिकाला काही द्यायचेच असेल तर कविता दे, नाहीतर येडेश्वरीच्या यात्रेवर लिही," असे मैत्रिणींनी सुचवले. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेवर कोणी ना कोणी लिहीतच असते, आणि ते लिहिलेही पाहिजे. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला आणि तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. तो येथे मांडते.

माझा धाकटा चुलतभाऊ आय. टी. आय.ला शिकतो. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला आली की आमच्या काकांना अंधारात विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी लागते. पावसाळ्यात विंचूकाट्याचे भय असते. तेव्हा मोबाईलवरून मोटार चालू-बंद होईल असा डबा आपणच करावा, असे भावाने मनावर घेतले. असे डबे बाजारात तयार मिळतात; पण त्याला तो स्वतः करायचा होता. साठवलेल्या पैशांतून त्याने आर्डुइनोचा बोर्ड आणि एक रिले मागवला, मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि रिलेच्या तारा थेट बोर्डाच्या पिनेला जोडल्या. रिलेने दोन-चार वेळा टकटक केले आणि ती पिन कायमची निकामी झाली.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी काही छापील पाने घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, तू कॉलेजला जातीस. एवढं वाचून सांग की, कशामुळं जळलं ते."

मराठी हा माझा मुख्य विषय. ती पाने होती बोर्डावरच्या 'एटीमेगा ३२८' नावाच्या चिपच्या माहितीपत्रकाची, म्हणजे डेटाशीटची. आणि ती सगळी इंग्रजीत. शब्दकोश घेऊन दोन संध्याकाळ बसले, तेव्हा एक तक्ता सापडला. एका पिनेतून जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो, त्यापुढे चिपला इजा होईल, असे तेथे स्वच्छ छापलेले होते. रिलेच्या कॉइलचा रोध होता ७० ओहम. नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' या प्रकरणात आपण ओहमचा नियम शिकलो होतो. ५ व्होल्टला ७० ने भागले की सुमारे ७१ मिलिअँपिअर येतात. चाळीस किलोची पाटी उचलणाऱ्याच्या डोक्यावर सत्तर किलो ठेवावेत, तसे झाले होते.

उपायही वाचनातूनच मिळाला. पिन आणि रिले यांच्यामध्ये एक ट्रान्झिस्टर घालायचा. पिनेने ट्रान्झिस्टरला नुसता इशारा द्यायचा, ओझे ट्रान्झिस्टरने उचलायचे. शिवाय कॉइलला उलटा एक डायोड जोडायचा. कारण प्रवाह तोडताच कॉइलमधून विजेचा उलटा झटका येतो आणि तो ट्रान्झिस्टरला मारतो. हे दोन्ही भाग मिळून थोड्याच रुपयांचे. ते जोडल्यावर दुसऱ्या पिनेवर रिले नीट चालू लागला. मोटारीचा स्टार्टर मात्र ४१५ व्होल्टचा, थ्री फेजचा. तेथे हौस कामाची नाही. ती जोडणी माहीतगार वायरमनकडूनच करून घेतली.

तेव्हापासून मला वाटू लागले, की आपल्याकडची हौशी मुले हुशारीत कमी पडत नाहीत. त्यांना कोणते पान कधी उघडावे हे सांगणारे कोणी नसते. व्हिडिओ पाहण्याला माझा विरोध नाही. हात कसा धरावा, सोल्डरिंग कसे करावे, हे पाहूनच कळते. पण व्हिडिओ आपला एकच रस्ता दाखवून पुढे निघून जातो. रस्ता चुकला की कोठे चुकला, हे शोधायला पुस्तकच लागते. त्याच्यापाशी थांबता येते, मागे जाता येते, कागद-पेन्सिल घेऊन गणित करता येते.

मग वाचावे काय? या वर्षभरात भावाच्या निमित्ताने जे वाचले, चाळले, त्यावरून माझे मत सांगते.

पहिले पुस्तक बालभारतीचे. आम्ही नववीला शिकलो ते 'धाराविद्युत' आणि दहावीला शिकलो ते 'विद्युतधारेचे परिणाम', ही दोन प्रकरणे परीक्षा संपल्यावर एकदा पुन्हा वाचावीत. मराठीत आहेत आणि जवळजवळ प्रत्येक घरात पडून आहेत. लाल एल. ई. डी. ५ व्होल्टवर लावायचा, तर तो स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट घेतो; उरलेले ३ व्होल्ट ३३० ओहमच्या रोधकाने अडवले, की प्रवाह ९ मिलिअँपिअर राहतो आणि एल. ई. डी. जळत नाही. एवढे कळायला नववीचे पुस्तक पुरे आहे.

दुसरे, फॉरेस्ट मिम्स यांचे 'गेटिंग स्टार्टेड इन इलेक्ट्रॉनिक्स'. १९८३ साली अमेरिकेत निघालेले हे १२८ पानांचे पुस्तक लेखकाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले आहे आणि पानोपानी चित्रे काढली आहेत. इंग्रजी थोडे आणि चित्रे फार, म्हणून आपल्यासारख्यांना ते झेपते. त्याच्या जोडीला चार्ल्स प्लॅट यांचे २००९ चे 'मेक : इलेक्ट्रॉनिक्स' घ्यावे. यात आधी करून पाहा, एल. ई. डी. मुद्दाम जाळून पाहा, आणि कारण मागाहून समजून घ्या, अशी रीत आहे.

तिसरे, प्रोग्राम लिहिण्यासाठी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी'. देशभरच्या अभियांत्रिकी कॉलेजांतून ते वाचले जाते. त्यापुढे ज्याला चिपच्या पोटात शिरायचे आहे, त्याने रमेश गावकरांचे ८०८५ मायक्रोप्रोसेसरवरचे किंवा मझिदी यांचे ८०५१ मायक्रोकंट्रोलरवरचे पुस्तक पाहावे. या चिपा जुन्या, पहिली १९७६ ची, दुसरी १९८० ची. पण मूळ समजायला त्याच बऱ्या. हॉरोविट्झ आणि हिल यांचे 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' हे १९८० पासून गाजलेले पुस्तक हजारावर पानांचे आणि महाग आहे. ते एकट्याने विकत घेण्याचे नव्हे, ग्रंथालयाने ठेवण्याचे. आणि शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वाचन म्हणजे हाती असलेल्या चिपचे डेटाशीट. ते फुकट मिळते आणि आधी वाचले तर पैसे वाचवते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. यात कलाशाखेचा संबंध काय? फॉरेस्ट मिम्स यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली नाही. कॉलेजात त्यांचा मुख्य विषय राज्यशास्त्र होता आणि जोडीला इंग्रजी व इतिहास. चार्ल्स प्लॅट हे विज्ञानकथा-कादंबऱ्या लिहिणारे लेखक. आर्डुइनोचा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्रेया गावी एका डिझाइन संस्थेत तयार झाला, तोही इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना वापरता यावा म्हणून. हे वाचले तेव्हा मला मोठा धीर आला. समजलेली गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी लिहिणे ही भाषेची विद्या आहे, आणि तीच तर आपण येथे शिकतो.

आपल्या भाषेत असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे वाईच्या पाठशाळेत संस्कृत शास्त्रे शिकलेले पंडित. पण त्यांच्या संपादनाखाली १९७६ पासून निघालेल्या मराठी विश्वकोशात विज्ञान-तंत्रविद्येला मोठी जागा मिळाली. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद हेच काम करीत आली आहे. विश्वकोशातून विषय कळतो. परंतु भावाला शेजारी बसवून तार कोठे जोडावी, चूक झाली तर काय तपासावे, हे सांगणारे मराठी पुस्तक मला आपल्या परिसरात मिळाले नाही. कोशात 'धारित्र' असते आणि स्टँडजवळच्या दुकानात मिस्त्री त्यालाच 'कंडेन्सर' म्हणतो. या दोघांची गाठ घालून देणारा कोणी तरी हवा. तो दुकानात बसून ऐकणारा आणि घरी येऊन लिहिणारा हवा.

काही जण म्हणतील, इंग्रजी शिकल्यावाचून या विषयात गती नाही, मग मराठीचा हट्ट कशाला? इंग्रजी शिकलेच पाहिजे, मीही शिकते आहे. पण इंग्रजी येईपर्यंत मुलाने वाट पाहत बसावे काय? तोवर त्याची हौस विझून जाते. पहिली पायरी आपल्या भाषेत मिळाली, तर पुढच्या पायऱ्या तो शब्दकोश घेऊन चढेल.

म्हणून दोन सूचना करते. आपल्या ग्रंथालयात या विषयाची निदान पाच पुस्तके घ्यावीत आणि ती कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही घरी न्यायला द्यावीत. दुसरी सूचना आपणा विद्यार्थ्यांसाठी आहे. इंग्रजी येणाऱ्याने एक पान वाचावे, आय. टी. आय.च्या मुलाने ते करून पाहावे आणि मराठी चांगले असणाऱ्याने ते लिहून काढावे. वर्षभरात एक वही सहज भरेल.

आमच्या घरी ती वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर भावाने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : 'रिले थेट पिनेला जोडू नये.' खाली चाळीस आणि एकाहत्तर हे दोन आकडे आहेत. काका अजूनही कधी कधी सवयीने रात्री बॅटरी घेऊन उठतात. मग आठवण झाली की तसेच परत अंथरुणावर येतात.