एचआयव्हीचा धोका फक्त हनुमान टेकडीवर शोधून चालणार नाही

भिवंडी : एचआयव्हीचा विषय निघाला की तालुक्यातल्या कुठल्याही गावात माणूस हनुमान टेकडीचं नाव घेतो आणि बोलणं तिथंच संपवतो. ‘ते शहरातलं, आपल्याकडे कुठे?’ असं म्हटलं की झालं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे बोलणं ऐकून घेण्यासारखं तरी होतं. आता तालुकाच बदललाय आणि बोलणं मात्र तेच राहिलंय.

आधी मागचं थोडं बघू. देशात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या देहविक्री करणाऱ्या महिलांच्या तपासण्यांत निम्म्याहून जास्त बायका बाधित निघत होत्या. भिवंडी मुंबईच्या दारातच. लाखो यंत्रमाग, उत्तर प्रदेश-बिहार-तेलंगणातून एकटे आलेले कामगार, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक, आणि शहराच्या मधोमध टेकडी. आजार पसरायला लागतं ते सगळं एका जागी होतं.

तेव्हाचा सरकारी उपाय म्हणजे धाड, नाहीतर भीती. भिंतीवर कवटीचं चित्र आणि खाली ‘एड्स म्हणजे मृत्यू’. याने लोक घाबरले, पण तपासणीला कोणी आलं नाही. उलट लपले.

काम झालं ते वेगळ्या वाटेने. १९९२ मध्ये कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी त्या वस्तीतल्या बायकांनाच निरोध वाटण्याच्या आणि समजावण्याच्या कामाला लावलं. त्याच वर्षी आपल्या सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने हीच वाट धरली, आणि १९९६ मध्ये तिथल्या बायकांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गिऱ्हाईक निरोधाला नाही म्हणालं तर एकटी बाई काय करणार? तो पुढच्या दारात जाणार. पण गल्लीतल्या सगळ्याच बायका नाही म्हणाल्या तर त्याला ऐकावंच लागतं. साधी गोष्ट आहे. दुधाचा भाव एकट्या शेतकऱ्याला वाढवून मिळत नाही, तसंच हे.

पुढे सरकारनेही हीच पद्धत घेतली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या कार्यक्रमात साधारण ६० महिलांमागे त्यांच्यातलीच एक पीअर एज्युकेटर, दर सहा महिन्यांनी तपासणी, गुप्तरोगाचे उपचार आणि मोफत निरोध असं गणित ठरलं. टेकडीवरही संस्था अशाच पद्धतीने वर्षानुवर्षं काम करत आल्या. २००३ पासून गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत चालला. त्यावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ मध्ये अभ्यास छापून आला. त्यात २००३ ते २००८ या काळात सुमारे १ लाख लागणी टळल्याचा अंदाज आहे. ज्या बायकांना गाव नावं ठेवतं, त्यांनी निरोधाचा आग्रह धरला म्हणून गावातल्या कित्येक सुना-लेकी वाचल्या, असा या आकड्याचा सरळ अर्थ निघतो. हे आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही.

दुसरा मोठा शोध औषधाचा. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. पण गोळी घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होते का, याची पक्की परीक्षा नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झाली. त्यात आपल्या पुण्याचंही केंद्र होतं. २०११ मध्ये निकाल आला. लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. आज डॉक्टर असं सांगतात की नियमित गोळीने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणून २०१७ पासून नियमच झाला, तपासणीत आजार निघाला की लगेच गोळी सुरू. पूर्वीसारखं प्रतिकारशक्ती खाली जाण्याची वाट बघत बसायचं नाही.

मग सगळं ठीक आहे का? तर नाही.

२०२३ च्या सरकारी अंदाजानुसार देशात २५ लाखांवर लोक एचआयव्हीसह जगतात. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास. २०१० च्या तुलनेत नव्या लागणी ४४ टक्क्यांनी घटल्या, ही चांगली बातमी. पण त्या एका वर्षात देशात ६८ हजारांवर नव्या लागणी झाल्या, हेही त्याच अहवालात आहे. देहविक्री करणाऱ्या महिलांमधलं प्रमाण २०१७ च्या पाहणीत १.५६ टक्के होतं, २०२१ च्या पाहणीत १.८५ टक्के. दोन पाहण्यांतला फरक लहान आहे, त्यावरून आजार वाढला असं लगेच म्हणू नये. पण घटही दिसत नाही. २०१७ मध्येच लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत हे प्रमाण ०.८६ टक्के होतं, सर्वसाधारण लोकांच्या जवळपास चौपट.

आता या आकड्यांतली एक गोम समजून घ्या. या पाहणीत महिलांचे नमुने घेतात ते संस्थांच्या प्रकल्पांत नोंद असलेल्यांचे. म्हणजे ज्या बाईपर्यंत संस्था पोचली, तिचीच मोजणी झाली. जिच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही, ती आकड्यातही नाही आणि उपचारातही नाही.

आणि न पोचलेल्यांची संख्या वाढावी असाच काळ आहे. मोबाईल आला तसा हा व्यवहार वस्तीतून फोनवर गेला. लॉज, भाड्याची खोली, हायवेचा ढाबा, कुठेही ठरतो. देशभरातल्या संस्थांचा हाच अनुभव आहे आणि नॅकोच्या २०२१ ते २०२६ च्या पाचव्या टप्प्यातही फोन-इंटरनेटवरून जोडल्या जाणाऱ्या लोकांपर्यंत कसं जायचं हा प्रश्न घेतलेला आहे. गल्लीत बसून साठ बायकांची वही ठेवणारी पीअर एज्युकेटर फोनमधल्या बाईला कुठे शोधणार? पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या बाबतीत तर हे आणखी अवघड, कारण गावात ते उघड बोलूच शकत नाहीत.

दुसरा बदल आपल्या डोळ्यांसमोरचा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली, इकडे पडघ्यापर्यंत भाताची खाचरं गेली आणि गोदामं आली. जमीनमालकांनी चाळी बांधल्या. एका खोलीत सहा-सहा जण राहतात. लोडर, हमाल, ड्रायव्हर, डिलिव्हरीची पोरं. बायको-मुलं गावाला. यात बिहारचा आहे तसा जव्हार-मोखाड्याचाही आहे, आणि टेम्पो चालवणारा आपल्याच गावचा पोरगाही आहे. पूर्वी हा माणूस मागाच्या कारखान्याजवळ, शहरात राहायचा. आता तो ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतो. आरोग्याची सोय मात्र त्याच्या पाठीमागे आलेली नाही.

या माणसाची अडचण बघा. सकाळी शिफ्ट, नाहीतर रात्री शिफ्ट. तपासणीचं केंद्र दिवसा उघडं. एक दिवस गेला तर एक दिवसाची मजुरी गेली. ठेकेदाराला कारण काय सांगणार? समजा तपासणी झाली, आजार निघाला, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी ठेका संपला की तो भिवंडीहून चाकणला, नाहीतर सरळ मुलखाला. गोळ्यांचं केंद्र बदलून मिळतं, मोफतच मिळतं, पण त्यासाठी आधी कागद करून घ्यावा लागतो. तो न घेताच माणूस निघाला की गोळी तुटते. गोळी तुटली की विषाणू परत वाढतो आणि मग घरी गेल्यावर बायकोला धोका. मे २०२० च्या सुरुवातीला लॉकडाऊनमध्ये भिवंडीहून गोरखपूरला मजुरांची गाडी सुटली, त्यानंतर हजारो माणसं नाशिक रस्त्याने चालत गेली. तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं की हे शहर किती लवकर रिकामं होऊ शकतं.

कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, आजारामुळे कामावरून काढता येत नाही, भाड्याची खोली नाकारता येत नाही. १०० किंवा जास्त माणसं असतील त्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आता गोदामात पाचशे माणसं राबतात, पण ती पाच ठेकेदारांच्या नावावर वाटलेली. मग तक्रार अधिकारी कोणाचा? गोदामाच्या गेटवर त्याच्या नावाची पाटी लागलेली कोणी पाहिली असेल तर सांगावं.

पोलिसांचाही भाग यात येतो. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वेच्छेने देहविक्री करणाऱ्या सज्ञान महिलेला त्रास देऊ नये आणि निरोध सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. पर्समधला निरोध अंगाशी येणार असेल तर बाई तो जवळ ठेवणार नाही, आणि मग वर सांगितलेलं सगळं संशोधन पाण्यात.

गावपातळीवर काय करता येईल, तर फार मोठं काही नाही. गोदामाच्या पट्ट्यात संध्याकाळी सात ते दहा तपासणी शिबिर लावा, अशी लेखी मागणी ग्रामपंचायत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करू शकते. शिबिराचं नाव ‘एचआयव्ही’ ठेवलं तर कोणी फिरकणार नाही. बीपी, शुगर, टीबीच्या तपासणीतच ही एक जोडावी. चाळीच्या मालकाने १०९७ हा मोफत हेल्पलाईन नंबर नळाजवळ लावला तर त्याचं काही जात नाही. आणि गरोदर बाईची तपासणी होते तेव्हा नवऱ्यालाही सोबत घेऊन जावं. आईला आजार निघाला आणि वेळेत गोळ्या मिळाल्या तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली येतं, पण नवऱ्याची तपासणीच झाली नाही तर घरातला धोका तसाच राहतो.

तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात आणि निकाल फक्त त्या माणसालाच सांगतात. शंका असेल त्या प्रसंगानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करावी लागते, कारण लागण लगेच दिसत नाही. बरेच जण पहिला कागद खिशात घालतात आणि दुसऱ्यांदा जातच नाहीत.